लाखाला सहाशे कमी

"जो हरेल त्यानं गाडी ढकलायची, जो जिंकेल त्यानं वर बसायचं," मी म्हटलं. "आठव्या गल्लीपासनं स्टेशनच्या चौकापर्यंत. बाजारादिवशी, भर गर्दीत, हॉर्न वाजवत."

"हॉर्न कुणी वाजवायचा?" नेमूआण्णांनी विचारलं.

"वर बसलेल्यानं. ढकलणाऱ्याचे हात कुठं मोकळे असतात?"

"मग मंजूर. मला हॉर्न वाजवायला आवडतंय."

मगदूम सरांच्या कट्ट्यावर बसलेली सगळी गल्ली हसली. शकूवैनी समोरच्या पिठाच्या गिरणीतनं ओरडल्या, "आण्णा, ह्या शिवल्याच्या नादाला लागू नका ओ! गेल्या शिमग्याला ह्यानं माझ्या दारावर 'आज दळण फुकट' अशी पाटी लावलीती. चाळीस डबे आलेते!"

"पंचेचाळीस," मी म्हटलं. "मी मोजलेते."

जयसिंगपुरात गल्ल्यांना नंबर आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, असं. आठव्या गल्लीत माझं मोटारसायकलचे मीटर दुरुस्त करायचं दुकान होतं. आता कुणी मीटर दुरुस्त करत नाही, बिघडला की नवीन बसवतात, आणि त्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. पण तेव्हा माझा धंदा जोरात होता. काटा थरथरतोय, केबल तुटली, आकडे अडकले, सगळं माझ्याकडं. दुकानामागं एक खोली, त्या खोलीत मी एकटा. वय अडतीस. लग्न दोनदा ठरत आलेलं. पण मुलीकडचे चौकशीला आले की गल्ली त्यांना माझे किस्से सांगायची. पाहुणे पोट धरून हसायचे, चहा प्यायचे आणि जायचे ते जायचेच.

पैज अशी होती. मी म्हणत होतो, आण्णांच्या गाडीचा मीटर फुगवून सांगतो. आण्णा म्हणत होते, माझा मीटर मीटरभर सुद्धा चुकत नाही.

नेमगोंडा पाटील, म्हणजे आमचे नेमूआण्णा, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं बसलेले. उसाच्या गाडीवर पोरगं बसलेलं राहिलं तर वजन बघून "पोराला उतरव" म्हणणारा माणूस. वय एकाहत्तर. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि बावीस वर्षांपूर्वी सांगलीच्या भंगार बाजारातनं उभी केलेली एक काळी मोटारसायकल. सांगाडा एकाचा, पुढचं चाक दुसऱ्याचं, मीटर तेवढा कोरा करकरीत, शून्यापासनं. ती गाडी घरी आणली त्या दिवशी आण्णा बायकोला म्हणाले होते, "पदमा, ह्या गाडीवरनं तुला लाख किलोमीटर फिरवतो का न्हाई बघ."

पद्माक्का म्हणाल्या होत्या, "बघते की."

आणि खरंच बघायला लागल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, त्यातच त्या फेरीचे किलोमीटर आणि मीटरचा आकडा लिहायच्या. कुठं गेलो, काय झालं आणि किती झाले. आण्णा कारखान्यावर सायकलनं जायचे. गाडी फक्त जोडीनं फिरायला. बाहुबली, नांदणी, वाडी, स्तवनिधी, कधी नुसतं नदीवर. चाळीसच्या वर काटा नाही. पद्माक्का मागं एका अंगाला बसलेल्या, मांडीवर डब्याची पिशवी.

त्या गेल्याला दोन वर्षं झाली होती. आण्णांचं फिरणं थांबलं नव्हतं. मागची शीट मोकळी, पण रविवार चुकत नव्हता. इंदूरला लेक होती, राजमती, घरातली राजू. ती दर आठवड्याला शेजारच्या एसटीडी बूथवर फोन करायची. "आप्पा, खोली तयार आहे. कधी येताय?" आण्णांचं उत्तर ठरलेलं. "लाख होऊ दे. मग गाडी विकतो, कुलूप लावतो आणि येतो."

पैज लागली त्या संध्याकाळी मीटर नव्याण्णव हजार चारशेवर होता. लाखाला सहाशे कमी.

म्हणजे जेमतेम दोन महिने.

हे कट्ट्यावर कुणाच्या ध्यानात नव्हतं. माझ्या होतं. कारण आण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचे. पद्माक्का होत्या तेव्हापासनं माझं ताट तिथंच. आक्का गेल्या, मग आण्णा स्वतः करायला लागले. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, त्यात मीठही कधी विसरायचे. मी तोंड वाकडं करून म्हणायचो, "आण्णा, हे पिठलं का भिंतीला लावायचा चुना?" ते म्हणायचे, "चुना तू लावतोस लेका, मी पिठलं लावतो." साडेपाचला जेवण व्हायचं. मग मी खोलीवर यायचो. साडेपाचला जेवलेल्या माणसाला झोप यायला किती वेळ लागतो, ते मला विचारा.

गल्लीत माझ्या गमतीवर हसणारे पन्नासजण होते. जेवायला ये म्हणणारा एक.

एकदा मी चेष्टेत म्हटलं होतं, "आण्णा, केबलला ड्रिल लावतो. अर्ध्या तासात तुमचे लाख करून देतो." आण्णांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, "तू गाडी विकणाऱ्यांचे आकडे मागं घेतोस, मला ठावं आहे. ते तुझं आणि त्यांचं. ह्या आकड्याला हात लावलास तर माझ्या दारात पाय टाकू नको." तेवढं एकदाच ते माझ्यावर चिडले.

म्हणून मी आकड्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. चाकाला लावायचा.

पैजेचे पंच मगदूम सर. शाळेत पी.टी. शिकवलेले, गळ्यात अजून शिट्टी आणि खिशात स्टॉपवॉच. त्यांनी नियम काढले. "परवा सकाळी सांगली रस्ता. किलोमीटरचे दगड आणि माझं घड्याळ. काटा चाळीसवर धरला तर एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत बरोब्बर नव्वद सेकंद लागली पाहिजेत. कमी लागली तर मीटर कमी दाखवतो, जास्त लागली तर फुगवून दाखवतो. आणि शिवलिंग, त्याआधी गाडीला ग्रीसिंग करून घे. नंतर केबलचं कारण नको."

"मीच करायचं?" मी विचारलं. "मी पार्टी आहे ओ पैजेत."

आण्णा म्हणाले, "मग दुसऱ्या कुणाकडं नेऊ? बारा वर्षं माझ्या मीटरला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागलाय?"

आणि चावी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शटर अर्धं ओढलं आणि पुढचं चाक काढलं. बारा वर्षांत मी मीटर खोलला होता, केबल बदलली होती, पण चाकाचा ड्रम कधी खोलला नव्हता. ते काम ब्रेकवाल्याचं. ड्रमच्या आत एक छोटी गरारी असते, जुन्या रुपयाएवढं दातेरी चाक. चाक फिरलं की ती फिरते, ती केबलला फिरवते, केबल मीटरला. गरारीला दात जास्त असले की केबल सावकाश फिरते आणि मीटर कमी दाखवतो. दात कमी असले की मीटर पळतो. त्या गाडीला अठरा दात लागतात. माझ्या खिशात सोळा दातांची होती, त्यासाठी सकाळी सांगलीला जाऊन आलो होतो.

जुन्या गरारीवरचं काळं ग्रीस पुसलं आणि सवयीनं दात मोजले. अठरा नव्हते. पुन्हा मोजले. खिळ्यानं पहिल्या दाताला खूण करून तिसऱ्यांदा मोजले.

वीस.

भंगार बाजारातलं चाक. कुठल्या गाडीचं कुणाला बसवलेलं. बावीस वर्षं मीटर कमी दाखवत आला होता.

मी स्टुलावर बसलो. वीस दात म्हणजे काय, त्याचा हिशेब करायला मला कागद लागत नाही. हिशेब झाला. मग ती गरारी रुमालात बांधली, रुमाल खिशात घातला आणि सोळा दातांची बसवली. ग्रीस मात्र मनापासनं केलं.

संध्याकाळी साडेपाचला जेवायला गेलो. आण्णांनी विचारलं, "गाडी कशी आहे?"

"एकदम ओके."

"आज पिठल्याला नाव ठेवलं न्हाईस."

"आज बरं झालंय," मी म्हटलं.

सकाळी सांगली रस्त्यावर मगदूम सर आण्णांच्या मागं बसले, मी माझ्या लुनावर बाजूनं. आण्णांनी काटा चाळीसवर असा धरला, जसा काट्यावर ऊस धरायचे. जरा हलला नाही. पहिल्या दगडाला सरांनी शिट्टी मारली, दुसऱ्या दगडाला घड्याळ दाबलं.

"एकशे एक," सर म्हणाले.

"पुन्हा," आण्णा म्हणाले.

पुन्हा एकशे एक. तिसऱ्यांदा एकशे दोन.

"गाडी आज जड वाटायलीय," आण्णा म्हणाले. "आकडा बघा सर. वेळेत चूक होती, आकड्यात होत न्हाई."

मग दगड मोजले. आठ दगड झाले तेव्हा मीटरनं नऊ किलोमीटर दाखवले. आण्णांनी गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि त्या आठव्या दगडाजवळ जाऊन उभे राहिले. दगडावरचा आकडा बोटानं चाचपला. लिहिलेला खोटा असेल तर बोटाला कळेल अशा आशेनं.

"हरलो की रं मी," ते म्हणाले.

मी नाचलो. खरंच नाचलो, लुनाभोवती. नाचलो नसतो तर संशय आला असता.

"परवा बाजार!" मी ओरडलो. "आण्णा, बूट घ्या नवीन! ढकलायला ग्रीप लागते!"

आण्णा हसले नाहीत. सरांना म्हणाले, "आठाला नऊ. म्हणजे नव्याण्णव हजार चारशेचे किती?"

सरांनी तळहातावर पेनानं भागाकार केला. "अठ्ठ्याऐंशी हजार तीनशे आणि काही."

"लाखाला साडेअकरा हजार कमी," आण्णा म्हणाले.

वर्षाला चार हजार, ह्या हिशेबानं तीन वर्षं. मला हवी होती ती एवढीच. तीन वर्षं. त्यात कुणाचं काय जातंय, असं मी स्वतःला सांगितलं. लेकीकडं तीन वर्षांनी गेले तर इंदूर काय पळून जाणार आहे?

त्या दिवशी साडेपाचला गेलो तर चूल गार होती. आण्णा जमिनीवर बसले होते, भोवती वीस-बावीस कॅलेंडरं पसरलेली. पद्माक्कांनी एकही टाकलं नव्हतं. आण्णांच्या हातात शिसपेन्सिल होती.

"ये. बस," ते म्हणाले. "आज जेवायचं राहिलं बघ. तू चहा करून घे."

"काय करताय?"

"दुरुस्ती."

मी वाकून बघितलं. पद्माक्कांचं अक्षर मोठं, गोल, शाळेतल्या पोरीसारखं. 'बाहुबली. केळी महाग. ३६.' आण्णांनी छत्तीसवर बारीक रेघ मारून शेजारी बत्तीस लिहिलं होतं. 'नांदणी, ताईकडं. ह्यांनी छत्री विसरली. १८.' अठराचे सोळा. 'स्तवनिधी. राजूला उलटी दोनदा. १०८.' तिथंही रेघ. प्रत्येक फेरीतनं ते नववा भाग कापत होते. एक एक. न चुकता. काट्यावर बसल्यासारखे.

"कशाला करताय आण्णा हे? कोण बघणार आहे?"

"चुकीचं वजन लिहिलेली पावती मी कधी ठेवली न्हाई." पेन्सिल थांबली नाही. "ती गेली तवा एक्याण्णव हजार तीनशे सात होते. मी म्हणायचो, नऊ हजारच राहिले, तेवढे मी एकटा ओढतो. तेवढं तर करू शकतो का न्हाई माणूस? आता बघतोय तर ती असताना एक्याऐंशीच झालेते." त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. "शिवल्या, वीस वर्षं मी तिला सांगत आलो, एवढे झाले, एवढे झाले. आणि ती लिहीत आली."

मी चहा केला. साखर घालायची राहिली.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. साडेअकरा हजार. रोज जाईन. दिवसाला चाळीस केले तर दहा महिन्यांत संपतंय."

"रोज? ह्या वयात? उन्हातनं?"

"राजूला फोन केला मघाशी. म्हटलं, येत न्हाई एवढ्यात. रडली बिचारी." पुन्हा पेन्सिल कॅलेंडरवर टेकली. "हां, पुढचं वाच बघू. मला ते दिसंना. तीन का आठ?"

"आठ," मी म्हटलं.

आठचे सात आणि काहीतरी. ते त्यांनी लिहिलं.

मला तीन वर्षं साडेपाचचं ताट हवं होतं. मिळत काय होतं, तर रोज उन्हातनं एकटा चाळीस किलोमीटर जाणारा म्हातारा. पण तेव्हाही मी बोललो नाही. खिशात रुमाल होता, रुमालात गरारी होती, आणि मी कप विसळून खोलीवर गेलो. बोललो असतो तर दोन महिन्यांचा पण प्रश्न राहिला नसता. दोन दिवसांत इंदूर.

बाजारादिवशी सकाळी दहाला आण्णा गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाला आले. कडक धोतर, नवी टोपी आणि पायात खरंच कॅनव्हासचे नवे बूट.

"घेतले की बूट!" कुणीतरी ओरडलं.

"पैज ती पैज," आण्णा म्हणाले. "बस शिवल्या. हॉर्नचं बटण जरा आत दाबावं लागतंय."

गल्ली सगळी जमली होती. भाजीवाल्या टोपल्या सोडून आल्या होत्या. शकूवैनी अंगभर पीठ घेऊन तशाच धावत आल्या. "शिवल्या, लाज वाटती का जरा? म्हातारं माणूस ढकलणार आणि तू वर बसणार? वजन तरी कमी कर जरा, रेडा झालायस!"

"वैनी, हारणाऱ्यानं ढकलायचं असतंय!" मी ओरडलो आणि टांग टाकली. हॉर्न दाबला. सगळे हसले. मला असा हशा आवडायचा, पाठीवर थाप मारल्यासारखा.

आण्णांनी मागच्या शीटवर दोन्ही हात ठेवले. "सोड ब्रेक."

गाडी हलली. सावकाश. मागनं त्यांचा श्वास ऐकू येत होता. पाच पावलं, दहा पावलं. मी लोकांना हात करत होतो, पुढाऱ्यासारखा, आणि लोक टाळ्या पिटत होते. आणि मग माझी नजर मीटरवर गेली. सवयीचा गुलाम. शेवटचा छोटा आकडा हळूहळू वर सरकत होता. आण्णांचं एक एक पाऊल तो मोजत होता, आणि माझ्या गरारीमुळं जास्तीचं मोजत होता. उद्या त्यातलंही हा माणूस बसून पेन्सिलीनं कापणार.

मी ब्रेक दाबला.

"काय झालं?" मागनं आण्णा. धाप लागलेली. "अजून लई लांब आहे की."

मी खाली उतरलो. रुमाल काढला, सोडला, आणि ती वीस दातांची गरारी त्यांच्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"तुमच्या चाकातली. खरी. ग्रीसिंगच्या वेळी मी काढली आणि दुसरी घातली. मीटर पळवला मी, आण्णा. तुम्ही हरला न्हाईसा."

लोक हसले. माझं असंच असतंय, मी काही बोललो की आधी हसतात. मग आण्णांचा चेहरा बघून एकेकाचं हसू बंद झालं. कुठंतरी कोथिंबीर विकणारा ओरडत राहिला, त्याला माहीत नव्हतं.

आण्णांनी गरारी तळहातावर वरखाली केली. वजन बघावं तशी. "किती दात?"

"वीस. पाहिजेत अठरा."

"म्हणजे?"

"म्हणजे मीटर कमी दाखवायचा. पहिल्यापासनं. तुम्ही दहा किलोमीटर गेलासा की हा नऊ दाखवायचा." मी मीटरच्या काचेवर बोट ठेवलं. "मीटरवर नव्वद हजार आले, त्या दिवशीच तुमचे लाख झालेते."

मगदूम सर पुढं आले. त्यांनी आण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "नेमगोंडा, वहिनी गेल्या तेव्हा मीटर किती होता?"

"एक्याण्णव हजार तीनशे सात." हे उत्तर द्यायला त्यांना कधी वेळ लागत नसे. ह्या वेळी पण लागला नाही. वेळ लागला तो त्या आकड्याचा अर्थ कळायला.

"होत्या की मग," सर म्हणाले. "लाख झाले तेव्हा मागं बसलेल्या होत्या."

शकूवैनी केव्हा पळाल्या कुणाला कळलं नाही. परत आल्या त्या आण्णांच्या घरातनं कॅलेंडरांचा भारा काखेत घेऊन. "नव्वद हजार कुठल्या सालात? शोधा की सर! काय बघत उभारलाय?"

भर रस्त्यात सरांनी कॅलेंडरं गाडीच्या शीटवर पसरली. पानं उलटली. मग एका पानावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. "चार ऑक्टोबर. बाहुबली. गर्दी. एकोणनव्वद हजार नऊशे चौऱ्याहत्तर. त्याच्याखाली, अकरा ऑक्टोबर. मिरज. दाढ काढली. नव्वद हजार सहा."

"परत येताना," आण्णा म्हणाले.

"हो. जाताना सोळा, येताना सोळा. म्हणजे परत येताना, घराच्या अलीकडं सहा किलोमीटर."

"अंकलीचा पूल," आण्णा म्हणाले. त्यांनी गाडीचा आधार घेतला. "तिच्या तोंडात कापूस होता. गाल हा एवढा सुजलेला. पुलावर मी दोनदा विचारलं, दुखतंय काय गं? बोलली न्हाई. बोलणार कशी? पाठीला नुसती दोन बोटं लावली." त्यांनी त्या पानावरच्या अक्षरावर बोट फिरवलं. "मला वाटलं, सावकाश चालवा म्हणतीया."

शकूवैनींनी पिठाच्या पदरानं डोळे पुसले, त्यामुळं तोंड अजून पांढरं झालं. मी आपला हँडल धरून उभा. पहिल्यांदाच एवढी गर्दी समोर होती आणि मला एकही गंमत सुचत नव्हती.

आण्णा माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता थोबाडीत. दारात पाय टाकू नको, हे तर नक्कीच.

"का केलंस?"

मी बुटांकडं बघितलं. त्यांच्या नव्या, पांढऱ्या बुटांकडं. "लाख झाले की तुम्ही जाणार होतासा."

"मग राहा म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं तर राहिला असतासा?"

"न्हाई," आण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "पण म्हणायचं होतंस."

त्यांनी गरारी धोतराच्या कनवटीला लावली. कॅलेंडरांची गुंडाळी केली आणि शकूवैनींच्या हातात दिली. टोपी सारखी केली, आणि एकाहत्तराव्या वर्षी, भर बाजारात, सराईतासारखी टांग मारून गाडीवर बसले.

"चल. हरलायस ना? ढकल."

आणि हॉर्न दाबला, असा की भाजीवालीची शेळी दोरी तोडून पळाली. मग जे लोक हसले! मी कमरेत वाकलो आणि ढकलायला लागलो. मगदूम सर पुढं शिट्टी वाजवत, "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" पोरं मागं. कुणी माझ्या टाळक्यात कोथिंबिरीची जुडी खोचली. कुणी विचारलं, "आण्णा, काय भानगड आहे?" आण्णा वरनं सांगत होते, "लाख झाले! आमचे लाख झाले!" ज्याला कळलं त्यानं टाळ्या वाजवल्या, ज्याला कळलं नाही त्यानं जास्त वाजवल्या.

"आता कुठं, आण्णा?" केळीवाल्यानं विचारलं.

"इंदूर!"

"ह्या गाडीवरनं?"

"ह्या पोरानं ढकललं तर जाईन की!"

मीही हसलो. घाम डोळ्यांत उतरला होता, ते बरं झालं. उतारावर गाडी जराशी पळाली तेव्हा मी तिला धरून पळालो. चढाला कपाळ शीटला टेकवलं. पितळी गल्लीच्या कोपऱ्यावरनं, चपलांच्या दुकानांवरनं, रसवंतीवरनं. स्टेशनचा चौक आला. तिथं पैज संपत होती. सरांनी लांब शिट्टी मारली, पोरं ओरडली, लोक पांगायला लागले.

"झालं," आण्णा म्हणाले. "फिटली पैज. थांब आता."

मी थांबलो नाही. चौकातनं गाडी तशीच सरळ घातली, फाटकाच्या रस्त्याला.

"अरे थांब की! शिवल्या! ऐकतोस का?"

"ऐकू येईना, आण्णा!" मी मान खाली घालून ओरडलो. "बाजारात कालवा लई आहे!"

बाजार तर केव्हाच मागं पडला होता. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो.